डेहराडून, १३ जून २०२० : घरून पाहिलेले संचलन



१३ जून २०२० या दिवसाची इतिहासाच्या पुस्तकात नोंद झालीच, तर ती तीन-चार ओळींची असेल. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीतून त्या दिवशी ४२३ छात्र अधिकारी होऊन बाहेर पडले. त्यांतले ३३३ भारताचे आणि ९० नऊ मित्रदेशांचे. सलामी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी घेतली. करोनाच्या साथीमुळे छात्रांच्या आईवडिलांना समारंभाला बोलावले नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्याच्या दृष्टीने शेवटचे वाक्य म्हणजे एक तपशील. या व्याख्यानात मी त्या तपशिलाविषयीच बोलणार आहे.

आधी एक कबुली. त्या ३३३ जणांत माझा मुलगा होता. तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की ज्या घटनेत आपण स्वतः उभे आहोत तिच्याविषयी लिहिताना दुप्पट सावध राहावे. इथे अडचण अशी, की मी त्या घटनेत उभा असायला हवा होतो आणि नव्हतो. सुमारे हजार किलोमीटरवर, इंदुरात, दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसलो होतो. तेव्हा सावधपणा जिथे सुटेल तिथे आपण सांभाळून घ्या.

रेल्वेचे आरक्षण त्या काळी १२० दिवस आधी खुले होत असे. फेब्रुवारीच्या मध्यावर, चीनमधल्या तापाच्या बातम्या अजून वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर होत्या तेव्हा, आम्ही इंदूर-डेहराडून गाडीची चार तिकिटे काढली. मी, पत्नी, मुलगी आणि माझी आई. आई ८४ वर्षांची होती. गुडघ्यांनी जेरीस आणलेले, पण नातवाच्या खांद्यावर तारे मीच लावणार हे तिने आम्हाला न विचारता ठरवून टाकले होते. एक तारा तिचा आणि एक माझ्या पत्नीचा, अशी वाटणीही झाली होती. माझ्या वाट्याला फोटो काढणे आले होते.

ज्यांच्या घरातून कुणी सैन्यात गेलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपण ज्याला एन.डी.ए. म्हणतो तिथे, तीन वर्षे आणि नंतर डेहराडूनला एक वर्ष, असा हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या चार वर्षांत पालकाचे काम फारच थोडे. प्रवेशाच्या वेळी कागदांवर सह्या करायच्या, फाटकापर्यंत पोचवायचे आणि परत फिरायचे. सुट्टीत मुलगा घरी येतो, तो प्रत्येक वेळी थोडा अधिक वाळलेला, थोडा अधिक अबोल, आणि जेवताना ताटाकडे न बघता जेवणारा. मग एकदम शेवटी दीक्षान्त संचलन. चेटवुड इमारतीसमोरच्या मैदानावर छात्र येतात, मंद पावलांनी इमारतीच्या पायऱ्या चढतात, ‘अंतिम पग’ ओलांडतात आणि आत जातात. त्यानंतरच्या सोहळ्याला पिपिंग म्हणतात. आईवडील मुलाच्या खांद्यांवर लेफ्टनंटचे तारे लावतात. संस्थेने पालकाच्या हाताला दिलेले चार वर्षांतले हे एवढेच काम.

बातम्यांमध्ये त्या वेळी ‘अनेक पिढ्यांची परंपरा खंडित’ असे शब्द वापरले गेले. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तिथे थोडे अडायला होते. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी तरुणांना अधिकारीपद मिळू लागले तेव्हा शिक्षण इंग्लंडात सँडहर्स्टला होई. कोल्हापूर भागातून गेलेले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात तिथलेच. त्या मुलांचे आईवडील मुंबईच्या धक्क्यावर निरोप देऊन परत येत. समारंभाला जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला वर्ग सुरू झाले आणि १० डिसेंबरला सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी अकादमीचे रीतसर उद्घाटन केले. पहिल्या तुकडीत ४० छात्र होते आणि त्यांत सॅम माणेकशा. त्यांचे वडील अमृतसरला डॉक्टर होते. मुलाला वैद्यकी शिकायला लंडनला पाठवायला त्यांनी नकार दिला, आणि त्या रागात मुलगा सैन्याच्या परीक्षेला बसला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणजे या संस्थेच्या अगदी पहिल्या तुकडीतही एक बाप असा होता ज्याला या वाटेविषयी कुणी विचारलेच नव्हते.

चेटवुडसाहेबांच्या उद्घाटनाच्या भाषणातला एक भाग आज त्या सभागृहात कोरलेला आहे. देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण नेहमी पहिले, नंतर हाताखालच्या सैनिकांचे कल्याण, आणि स्वतःची सोय सर्वांत शेवटी, असा त्याचा आशय. माझ्या मुलाने तो पाठ करून पहिल्या सुट्टीत आम्हाला म्हणून दाखवला होता. माझी आई लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “यात आईबाप कितव्या नंबरावर आहेत रे?” तो हसला. मीही हसलो. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता.

आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या घरांना हे सगळे खरे म्हणजे नवे नसावे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाडांच्या फौजांबरोबरच इकडे आले. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि इंदूरपासून जवळ महूला इंग्रजांची छावणी उभी राहिली. तेव्हापासून पाच-सहा पिढ्यांत आपली घरे कारकुनी, वकिली, मास्तरकी आणि बँकेत स्थिरावली. घरातल्या मुलाने सैन्यात जायचे म्हटले की आपल्याकडे आजही आधी शांतता पसरते आणि मग कुणीतरी पणजोबांची तलवार कुठे आहे ते विचारते.

आता साथीकडे येतो. आपल्या घरांच्या आठवणीत साथ आणि सैनिक यांची जोडी जुनी आहे, आणि ती चांगली नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या घराघरांत तपासणीसाठी गोरे सोजीर शिरले आणि माणसे छावण्यांत नेली गेली. त्या रागातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ‘क्वारंटीन’ हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी तेव्हापासून होता, आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज खाली जाई. नंतर १९१८ ची मानमोडी. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीतले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. साथ जहाजांवरून आली असे शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. महायुद्धाची ये-जा चालू होती. सैनिक बंदरात उतरले, आगगाडीत बसले आणि आपापल्या गावी गेले. ताप त्यांच्याबरोबर गेला. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीच्या आसपास माणसे नेली असे कमीतकमी अंदाज आहेत, आणि त्याहून बरेच मोठेही आहेत. आमच्या घराण्याच्या वंशावळीत त्या वर्षी एकाच शाखेतल्या तीन नावांपुढे रेघ आहे.

२०२० मध्ये हे चित्र नेमके उलटे झाले, आणि पालकांच्या मनातला गोंधळ समजून घ्यायचा तर हे उलटेपण लक्षात घ्यायला हवे. १९१८ मध्ये छावणीतून येणाऱ्या मुलापासून घराला धोका होता. २०२० मध्ये घरापासून छावणीला धोका होता. खडकवासला आणि डेहराडून या दोन्ही जागा आधीच भिंतीआडच्या, स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे इस्पितळ आणि स्वतःचे फाटक असलेल्या. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा त्यांना फारसे वेगळे काही करावेच लागले नाही, फाटक लावून घेतले की झाले. रविवारची बाहेर जायची सवलत, ज्याला ही मुले ‘लिबर्टी’ म्हणतात, ती बंद झाली. भेटायला येणारे बंद झाले. मुखपट्ट्या आल्या, रांगांतले अंतर वाढले. बाकी पहाटेचा भोंगा तोच राहिला.

आणि आम्ही इंदुरात होतो. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी आमच्या राजवाड्यावर थाळ्या वाजवीत केवढी गर्दी जमली ते देशाने पाहिले आणि आम्हाला नावे ठेवली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच शहरात रुग्ण सापडू लागले, आणि एप्रिलमध्ये इंदूर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांत गणले जाऊ लागले. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले. दूध, भाजी, औषधे यांच्या वेळा ठरल्या. मुलगा फोनवर विचारी, “आजी बाहेर ओट्यावर बसत नाही ना? भाजी धुता ना? बाबा, तुम्ही बँकेत का गेलात?” चार वर्षे आम्ही त्याला जपून राहा म्हणत आलो होतो. आता तो आम्हाला म्हणत होता, आणि गंमत म्हणजे त्याचे ऐकावे असे आम्हाला वाटत नव्हते. पत्नी फोन ठेवून म्हणे, “तिथे बसून हा आम्हाला शिकवतो.” मग स्वयंपाकघरात जाऊन भाजी दुसऱ्यांदा धुवी.

पुष्कळ पालकांकडून पुढे मी हेच ऐकले. बेळगावची एक आई म्हणाली की त्या दिवसांत तिला आयुष्यात पहिल्यांदा मुलाची काळजी वाटली नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. हैदराबादच्या एका निवृत्त अभियंत्यांनी वहीच घातली होती. मुलाचा फोन कधी आला, किती मिनिटे चालला, आवाज कसा होता. ‘आवाज’ या रकान्यात एकेक शब्द असे. बरा. घाईत. बरा. खोकला? बरा.

ही वही मला फार मोलाची वाटली, आणि त्याचे कारण माझ्या विषयाशी जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉर होत. त्या पत्रांचे अधिकाऱ्यांनी काढलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही वाचायला मिळतात. घरचे काय लिहीत, काय लपवीत, काय आडून विचारीत हे शंभर वर्षांनंतर कळते, कारण कुणीतरी परकी नजर ते वाचत होती. आपल्या मुलांशी २०२० मध्ये आपण जे बोललो ते कुणी वाचले नाही, कुणी उतरवले नाही. स्वातंत्र्य म्हणून ते उत्तमच. पण फोन ठेवला की सगळे संपले. संस्थेच्या दप्तरात आदेश असतील, अंतरे असतील, किती मुखपट्ट्या शिवल्या तेही असेल. हैदराबादच्या वहीतला ‘खोकला?’ आणि त्यापुढचे प्रश्नचिन्ह तिथे नसेल.

एप्रिलच्या अखेरीस माझी आई गेली. करोनाने नव्हे, झोपेत, हृदयक्रिया बंद पडून. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आम्ही सहाच होतो, कारण बाकीच्यांना कंटेनमेंटच्या बांबूंपलीकडून येता येत नव्हते. अस्थी ओंकारेश्वरला न्यायची परवानगी नव्हती, तेव्हा कलशावर नावाची चिठ्ठी लावून तो स्मशानातच ठेवावा लागला. तिथल्या फळीवर तसे कितीतरी कलश होते.

मुलाला सांगायचे की नाही, हा प्रश्न त्याच रात्री पुढे आला. आगगाड्या बंद, विमाने बंद. रजा मागितली आणि मिळाली तरी यायचे कसे? कसाबसा आला तरी इकडे चौदा दिवस आणि परत गेल्यावर तिकडे चौदा दिवस वेगळे राहायचे, आणि जूनचे संचलन तोंडावर. एवढ्यावरून एखाद्याचे सत्र वाया जाऊ शकते. पत्नीचे म्हणणे पडले, सांगू नये. मुलीचे म्हणणे, सांगायलाच हवे, आजी त्याची होती. मी शिक्षकी वळणाने दोन्ही बाजू मांडत बसलो, आणि निर्णय न घेणे हाच निर्णय झाला. तेरा दिवस आम्ही त्याला सांगितले नाही. “आजी कुठे?” म्हटले की “झोपली आहे” म्हणायचे. चौदाव्या दिवशी मी धीर करून बोलायला लागलो, तर तो म्हणाला, “बाबा, मला कळलंय. दुसऱ्याच दिवशी कळलं. दादानं फोटो टाकला होता.”

मी विचारले, “मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही सांगत नव्हतात. म्हटलं, तुम्हाला सांगायचं नसेल.”

तेरा दिवस रोज आजीची चौकशी करीत राहिलेला तो मुलगा कुठल्या ट्रेनिंगमध्ये हे शिकला, मला ठाऊक नाही. बहुधा आमच्याच घरी.

त्या दिवसांत मला कुणाला तरी काहीतरी विचारावेसे वाटे. काय, ते नेमके सांगता येत नसे. मुले नीट आहेत ना, झोपतात ना, कुणी त्यांच्याशी बोलते ना? पण विचारायचे कुणाला? आपल्याकडे मुलगा एकदा फाटकाच्या आत गेला की पालकाने प्रश्न विचारायचा नसतो अशी रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, तरी आपण सगळे पाळतो. म्हणून त्याच महिन्यांत दुसरीकडे काय घडले ते मी नंतर मुद्दाम पाहिले.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात हवाई दलाची अकादमी आहे. मार्च २०२० मध्ये तिने खालच्या वर्गांना घरी पाठवले आणि शेवटच्या वर्षाच्या सुमारे हजार छात्रांना ठेवून घेतले. एका खोलीत एक, जेवण बांधून खोलीत न्यायचे, एकत्र जमायचे नाही. मार्चच्या अखेरीस, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, त्यांतल्या दोघांनी आत्महत्या केली. निर्बंध तुरुंगासारखे आहेत अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. अकादमीच्या प्रमुखांनी नियम सैल केले, आणि दीक्षान्त समारंभ सहा आठवडे आधी, १८ एप्रिललाच उरकून मुलांना मोकळे केले. खुर्च्या एकमेकींपासून आठ फुटांवर होत्या आणि पालक घरी होते. वेस्ट पॉइंटचे उलटे झाले. तिथले छात्र सुट्टीवर घरी होते, त्यांना समारंभासाठी परत बोलावले गेले. तपासण्या झाल्या, काही बाधित निघाले, उरलेल्यांना दोन आठवडे वेगळे ठेवले. एका भाषणासाठी मुलांना धोक्यात का घालता, असे तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी उघड विचारले. समारंभ झालाच. तिथेही पालकांना प्रवेश नव्हता. ११०७ छात्र, आणि तारीख १३ जून २०२०. डेहराडूनचीच.

दोन्ही देशांतल्या पालकांनी एकाच दिवशी घरी बसून पडद्यावर आपले मूल शोधले, हा योगायोग मला फार दिवस सोडत नव्हता. पण मला त्यातला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. तिकडे प्रश्न विचारला गेला, आणि कोलोरॅडोत तरी त्याने काहीतरी बदलले. आपल्याकडे पालकांच्या गप्प राहण्याचे वर्णन ‘अभिमान’ या शब्दाने केले गेले. त्या दिवशीच्या प्रत्येक बातमीत पालकांना अभिमान वाटला. मलाही वाटला, खोटे कशाला बोलू? पण अभिमान हा एकच शब्द आपल्या हाती दिला की दुसरे काही वाटले तर ते बोलायला शब्दच उरत नाही. आपली मुले सुखरूप राहिली, शिक्षकांनी त्यांना जिवापाड जपले, याविषयी माझी काही तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच, की ती सुखरूप आहेत ना हे विचारायची वाट असायला हरकत नव्हती. ती असती तर अभिमान कमी झाला नसता.

आता तो दिवस. शनिवार होता. पत्नीने संचलनासाठी घेतलेली साडी नेसली नाही, कपाटातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली. पडद्यावर आधी रिकामे प्रेक्षागार दिसले. मग छात्र आले. पांढऱ्या मुखपट्ट्या, हातमोजे, एरवी खांद्याला खांदा भिडलेल्या रांगांत आता ऐसपैस अंतर. सगळे एकाच उंचीचे, एकाच चालीचे, आणि निम्मे चेहरे झाकलेले. मुलगी म्हणत होती, तो बघा, तिसऱ्या रांगेत. पत्नी म्हणत होती, तो नव्हे, याचे कान बघ. मी चष्मा पुसत होतो. चार वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली त्यात आम्हाला आमचा मुलगा ओळखू आला नाही. मैदानात बसलो असतो तरी कदाचित आला नसता. पण तिथे चुकीच्या मुलाकडे पाहून रडलो असतो तरी चालले असते.

जनरल नरवणे यांचे भाषण झाले. ते पुण्याचे. त्यांच्या मातोश्री सुधा नरवणे पुणे आकाशवाणीवरून बातम्या देत. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या कानांत तो आवाज असेल. माझी आई असती तर भाषणाऐवजी तीच आठवण सांगत बसली असती.

तारे लावायचे काम त्या दिवशी अकादमीतल्या शिक्षक-अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पत्नींनी केले. पडद्यावर प्रत्येकाचे दिसणे शक्य नव्हते. संध्याकाळी मुलाने एक फोटो पाठवला. नऊ मित्रदेशांच्या नव्वद मुलांचेही असेच झाले. त्यांत बरेच अफगाणिस्तानचे होते. त्यांच्या घरच्यांना एरवी तरी कितीजणांना येता आले असते, हा विचार मला फार उशिरा सुचला. आपले दुःख मोजताना मनुष्य आधी स्वतःचेच घर मोजतो.

सुट्टी मिळाली नाही. मुलगा तिथूनच पलटणीकडे निघाला. १५ जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात चीनच्या सैन्याशी झटापट झाली आणि आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्यांत १६ बिहार पलटणीचे प्रमुख कर्नल संतोष बाबू होते. तेलंगणातले सूर्यापेट त्यांचे गाव. कोरुकोंड्याची सैनिक शाळा, खडकवासला, डेहराडून, हाच रस्ता त्यांचाही. संचलनानंतर फक्त दोन दिवस गेले होते. आमच्या घरात तीन महिने ज्या भीतीने मुक्काम केला होता, ती त्या रात्री उठून गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. हात धुणे, अंतर, चौदा दिवस, सगळे पोरकट वाटू लागले. पत्नी म्हणाली, “आपण कशाला घाबरत होतो आणि कशाला घाबरायला हवं होतं.” नंतर बरेच दिवस आम्ही बातम्या आवाज बंद करून पाहिल्या.

बडोद्याच्या माझ्या मित्राची कथा आमच्याहून अवघड आहे. त्याचा मुलगा एन.डी.ए.च्या १३८ व्या तुकडीचा. मे २०२० च्या अखेरीस ही तुकडी बाहेर पडली, तेव्हा खेत्रपाल मैदानावरचे संचलनच झाले नाही. हबीबुल्ला सभागृहात आतल्या आत समारंभ झाला. मैदानाला ज्यांचे नाव आहे ते अरुण खेत्रपाल याच प्रबोधिनीचे. १९७१ च्या युद्धात बसंतरला लढताना गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस. त्या मैदानावरून शेवटची पावले टाकायची, हे तिथल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असते. मित्र म्हणाला, जाऊ दे, वर्षाने डेहराडूनचे संचलन आहे, खरे तारे तिथेच. १२ जून २०२१ ला ते संचलन झाले. ३४१ भारतीय आणि ८४ परदेशी. पण मध्ये दुसरी लाट येऊन गेली होती, आणि पालकांना पुन्हा प्रवेश नव्हता. या एका तुकडीच्या घरच्यांचे दोन्ही दिवस गेले. त्यांच्या आधीच्यांचे नाही, नंतरच्यांचे नाही. मित्राने त्या सकाळी कोट-टाय चढवला, दिवाणखान्यात खुर्च्या ओळीत मांडल्या आणि शेजाऱ्यांना बोलावले. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. त्याची पत्नी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. नंतर तिने सांगितले की तिला ते नाटक करायचे नव्हते. मित्राला त्याचे फार वाईट वाटले. मला वाटते दोघांचेही बरोबर होते.

आपल्या घरी अशी एखादी वही असेल, फोनमध्ये तो फोटो असेल, रद्द झालेल्या तिकिटाचा संदेश असेल, तर तो पुसू नका. जमल्यास तारीख घालून कागदावर उतरवून आपल्या गावच्या मंडळाच्या ग्रंथालयात ठेवा. आमच्या चार तिकिटांचे पैसे मे महिन्यात बँकेत परत आले. चारही तिकिटांचे. आईच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या ओळीत दिसले नाहीत, एकच रक्कम होती.

मुलगा घरी आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अस्थी तोवर ओंकारेश्वरला पोचल्या होत्या. तो एकटाच पुन्हा घाटावर जाऊन आला. त्या संध्याकाळी पत्नीने कपाटातला डबा काढला आणि त्याच्या गणवेशावरचे तारे काढून पुन्हा लावले. एक तिने, आणि एक माझ्या हातात दिला.

मुलाने संचलनाच्या दिवशी पाठवलेला फोटो आम्ही मोठा करून भिंतीवर लावला आहे. त्यात तो ताठ उभा आहे आणि एका अधिकाऱ्याची पत्नी त्याच्या खांद्यावर तारा लावते आहे. बाईंच्या अंगावर मोरपंखी साडी आहे, तोंडावर त्याच रंगाची मुखपट्टी. नुसते डोळे दिसतात. त्या कुठल्या, त्यांचे नाव काय, हे आम्ही मुलाला विचारले होते. गडबडीत त्यानेही विचारले नव्हते. पत्नी कधीकधी फोटोपुढे थांबते आणि म्हणते, “उद्या रस्त्यात समोर आल्या तर मी ओळखायचं कसं?”